गुलमर्गला पाच रात्री राहा

काश्मीरच्या सहलीत गुलमर्गच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. सकाळी श्रीनगरहून निघायचं, टंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि जाड कोट चढवायचे, वर पोचलं की केबल कारच्या रांगेत उभं राहायचं, स्लेजवर एक फेरी मारायची, पायांत स्की अडकवून फोटो काढायचा आणि अंधार पडायच्या आत पुन्हा श्रीनगर. त्या दिवसाबद्दल माझी तक्रार नाही. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ हातात घेण्याचा आनंद मोठाच असतो. पण स्कीइंग शिकण्यासाठी आपल्या देशात ज्या मोजक्या जागा आहेत, त्यांतली सर्वांत चांगली जागा आपण चार-पाच तासांत उरकून परततो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी साताऱ्यात फिजिओथेरपी करते. दिवसभर गुडघे, खांदे आणि कंबरा. स्कीइंगकडे मी आले तीही गुडघ्यांच्याच वाटेने. अशाच एका दिवसाच्या सहलीत लिगामेंट फाटलेला एक तरुण माझ्याकडे व्यायामासाठी येत असे. त्याला दिलेला बूट दोन नंबर मोठा होता, बूट आणि स्की जोडणारं बाइंडिंग कुणी तपासलं नव्हतं आणि पडायचं कसं हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या गुडघ्यावर काम करता करता मी या खेळाविषयी वाचत गेले, आणि पुढच्या हिवाळ्यात इंजिनीअरिंगला असलेल्या भाचीला घेऊन स्वतःच शिकायला गेले. तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक विचारत असतात की बेत कसा आखायचा. त्या सगळ्यांना जे सांगते, तेच इथे सविस्तर सांगते आहे.

आधी जागा समजून घेऊ. गुलमर्ग श्रीनगरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर, बारामुल्ला जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. पीर पंजालच्या रांगेत अफरवट नावाचा डोंगर आहे आणि त्याच्या पायथ्याशी ही खोलगट, रुंद माळरानासारखी जागा पसरलेली आहे. उन्हाळ्यात इथे घोडे आणि गोल्फ, हिवाळ्यात स्की. इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये इथे स्की क्लब स्थापन केला. स्वातंत्र्यानंतर लष्कराने आपल्या जवानांना बर्फात चालायला आणि लढायला शिकवणारी शाळा इथेच काढली. आज ती हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल म्हणून ओळखली जाते. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्थाही इथेच आहे. खेलो इंडियाचे हिवाळी खेळ २०२० पासून इथे भरू लागले. आणि बीजिंगच्या २०२२च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकटाच उतरलेला आरिफ खान याच परिसरातला. वडिलांचं गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचं दुकान होतं आणि चौथ्या वर्षी त्याच्या पायांत स्की आल्या. जायंट स्लॅलममध्ये तो ४५वा आला. हिवाळी खेळांचं वातावरण जवळजवळ नसलेल्या देशातून तिथवर पोचणं ही केवढी मजल आहे, हे गुलमर्गच्या उतारावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

डोंगरावर जाणारा गोंडोला, म्हणजे केबल कार, दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा गुलमर्गहून कोंगदूरीला, सुमारे ३१०० मीटरवर जातो. तो १९९८ मध्ये सुरू झाला. दुसरा कोंगदूरीहून अफरवटच्या खांद्यावर, जवळपास ३९५० मीटरवर; तो २००५ पासून. हा दुसरा टप्पा सुरू झाल्यावर गुलमर्गचं नाव जगभरच्या निष्णात स्कीअर्सच्या तोंडी आलं. इतक्या उंचीवर आयतं नेऊन सोडणारी आणि खाली मोकळे, न दाबलेले उतार देणारी ठिकाणं जगात फार नाहीत. पण नवशिक्याचा या दुसऱ्या टप्प्याशी काही संबंध नाही. आपलं काम खालच्या, अगदी सौम्य उतारांवर आहे. ही गोष्ट मनाशी पक्की केली की पैसा, वेळ आणि काळजी या तिन्ही गोष्टी वाचतात.

औलीचं नाव पुष्कळ लोक काढतात. उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यातली ती जागा सुंदर आहे, समोर नंदादेवी दिसते, गढवाल मंडळ विकास निगमाचे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग तिथे वर्षानुवर्षं भरत आले. मात्र पायथ्याच्या जोशीमठ गावाची जमीन खचू लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तिथला रोपवे बंद करावा लागला, आणि अलीकडच्या काही हिवाळ्यांत बर्फाने तिथे पाठ फिरवली. मनालीजवळ सोलंगचा उतार आहे; दोन दिवस चव घ्यायला ठीक. नीट शिकायचं असेल तर माझं मत गुलमर्गलाच.

आता काळ. आपली सुट्टी दिवाळीत आणि मे महिन्यात, आणि बर्फ या दोन्ही वेळी नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नाताळची गर्दी असते, भाव चढलेले असतात आणि बर्फाची खात्री नसते. काश्मिरी लोक हिवाळ्याचे तीन भाग करतात: २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. नवशिक्यासाठी चिल्लई कलानच्या अखेरीपासून फेब्रुवारी संपेपर्यंतचा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. तोवर थर साचलेला असतो, हाडं गोठवणारी थंडी थोडी सैलावलेली असते आणि दिवस मोठा होऊ लागलेला असतो.

तरीही बर्फ पडेलच असं आता कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. काश्मीरचा हिवाळी बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असतो. हे ओलसर वारे पीर पंजालला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि गुलमर्गवर बर्फ पडतो. ज्या वर्षी हे विक्षोभ अशक्त असतात किंवा वाट बदलतात, त्या वर्षी डोंगर तपकिरी राहतो. जानेवारी २०२४ चे बहुतेक दिवस गुलमर्ग कोरडं होतं. बर्फ आला तो महिना संपता संपता. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, बर्फ पुरेसा नसल्यामुळे खेलो इंडियाच्या गुलमर्गच्या स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. ज्या गावाचा सगळा हिवाळा बर्फावर चालतो, तिथल्या प्रशिक्षकांचे, दुकानदारांचे, स्लेज ओढणाऱ्यांचे चेहरे अशा वेळी पाहवत नाहीत. आपण करायचं एवढंच, की तारीख बदलता येईल असंच विमानाचं आणि हॉटेलचं बुकिंग करायचं, मग त्याला थोडे पैसे जास्त लागले तरी चालतील. आणि निघण्याच्या आठवड्यात तिथल्या प्रशिक्षकाला फोन करून खालच्या उतारावर किती बर्फ आहे ते विचारायचं. वरच्या अफरवटवर किती फूट पडला, या बातमीचा आपल्याला उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांना ठाऊक नसते. ताजा, गुडघाभर भुसभुशीत बर्फ फोटोत देखणा दिसतो, पण पहिल्या दिवशी तो शत्रू असतो. त्यात स्की रुतते, वळत नाही, पडल्यावर उठायला दमछाक होते. शिकायला हवा तो दाबून सपाट केलेला बर्फ. म्हणून मोठी हिमवृष्टी होऊन गेल्यावर एक-दोन दिवसांनी सुरुवात झाली तर नशीब चांगलं समजा.

प्रवास सोपा आहे, फक्त घाई नको. श्रीनगरपर्यंत विमान. ज्यांना रेल्वेची हौस आहे त्यांच्यासाठी जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत गाडी चिनाबच्या पुलावरून धावते. पुण्याहून जम्मूला झेलम एक्सप्रेस आहे, पण घर ते श्रीनगर यात बरेच दिवस जातात. श्रीनगरहून टंगमर्गपर्यंत रस्ता साधा. तिथून गुलमर्गपर्यंतचा शेवटचा तेरा-चौदा किलोमीटरचा घाट बर्फाचा, आणि बर्फ पडत असताना चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना गती देणाऱ्या गाड्याच वर सोडतात. टंगमर्गला खोल्या स्वस्त मिळतात हे खरं, पण रोज सकाळी हा घाट चढण्यात शिकण्याचा वेळ जातो आणि जोराची हिमवृष्टी झाली तर दिवसच जातो. म्हणून गुलमर्गमध्येच राहा, साधी खोली असली तरी चालेल. परतीच्या विमानाआधीची रात्र मात्र श्रीनगरमध्ये काढा. बर्फाने रस्ता आणि विमानं दोन्ही अडतात, आणि हा एक मोकळा दिवस सगळा ताण काढून घेतो. हिवाळ्यात सकाळी श्रीनगरमध्ये मटणाचा हरीसा मिळतो, तो शाकाहारी नसलेल्यांनी चुकवू नये.

मोबाइलचंही आधीच पाहा. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या.

सुरक्षिततेचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या बैसरनमध्ये २६ जणांचे प्राण गेले, त्यांत आपल्या महाराष्ट्रातले लोक होते. त्यानंतर काश्मीरमधली अनेक ठिकाणं पर्यटकांसाठी बंद झाली आणि टप्प्याटप्प्याने उघडली. निघण्यापूर्वी सरकारी सूचना पाहा, घरच्यांशी मोकळेपणाने बोला आणि मगच ठरवा. या निर्णयात मी कुणाला आग्रह करणार नाही.

आता माझ्या कामाचा भाग. स्कीइंगच्या सुट्टीची खरी तयारी तिकिटापासून सुरू होत नाही, ती मांड्यांपासून सुरू होते, आणि तिला आठ आठवडे द्यावेत. उतारावर उभं असताना गुडघे सतत थोडे वाकलेले असतात. शरीर खाली जात असतं आणि मांडीचे पुढचे स्नायू त्याला आवरून धरत असतात. स्नायू लांबत असताना ताकद लावण्याचं हे काम आपण एरवी फारसं करत नाही. चढताना दम लागतो म्हणून चढणं हाच व्यायाम, असं आपण मानतो. स्कीइंगसाठी उतरणं महत्त्वाचं. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते की अजिंक्यताऱ्यावर चालत जा आणि चालतच खाली या, वरून कुणाच्या गाडीवर बसून येऊ नका. भाचीने आणि मी जरंडेश्वराच्या डोंगरावर शनिवारी ये-जा केली होती. दुसऱ्या दिवशी मांड्या ज्या दुखतात, ते दुखणं गुलमर्गला नेण्याऐवजी इथेच सोसून घ्यावं.

ज्यांच्या गावाजवळ डोंगर नाही त्यांनी जिने उतरावेत, सावकाश, पाऊल न आपटता. भिंतीला पाठ टेकून खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं. सुरुवातीला अर्धं मिनिट, मग दोन मिनिटांपर्यंत वाढवायचं. एका पायावर उभं राहून दात घासायचे. पोटऱ्या ताणायच्या, कारण स्कीचा बूट घोट्याला पुढे झुकवून ठेवतो आणि आखडलेली पोटरी त्याला विरोध करते. मांडीच्या मागच्या स्नायूंना आणि नितंबांना विसरू नका. गुडघ्याचा लिगामेंट ताणला जाऊ लागला की मांडीचे मागचे स्नायूच त्याला सावरतात.

गुडघ्यावर मी एवढा भर का देते? पूर्वी स्कीचे बूट कातड्याचे आणि आखूड होते, तेव्हा घोटे मोडत. मग उंच, कडक प्लास्टिकचे बूट आले, घोटा वाचला, आणि पिळवटण्याचा भार वर गुडघ्याकडे सरकला. आजही स्कीइंगमध्ये सर्वांत जास्त दुखावतो तो गुडघाच. त्याच्या खालोखाल अंगठा. हातात काठी धरून माणूस पडला की काठी अंगठ्याला बाहेर खेचते आणि त्याच्या मुळाशी असलेला लिगामेंट फाटतो. म्हणून पडताना काठ्या सोडून द्यायच्या आणि शिकत असताना काठीचा पट्टा मनगटात अडकवायचाच नाही. पहिला दिवस तर काठ्यांशिवायच जावा.

ज्यांची लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी आपल्या सर्जनला विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. हृदयविकार, न आवरलेला रक्तदाब, हाडांची झीज असेल तर डॉक्टरांशी बोलून घ्या. मधुमेह असणाऱ्यांनी जवळ साखर ठेवावी. श्रमाने रक्तातली साखर उतरते. पन्नाशी ओलांडली म्हणून मात्र कुणी मागे हटू नये. तयारी केलेली पन्नाशीची बाई तयारी न केलेल्या पंचविशीच्या मुलापेक्षा उतारावर जास्त सुरक्षित असते, हे मी पाहिलं आहे.

सामान विकत घेऊ नका. स्की, बूट, काठ्या, हेल्मेट सगळं गुलमर्गमध्ये भाड्याने मिळतं. विकत घ्यायचे ते उत्तम हातमोजे, गॉगल, गुडघ्यापर्यंत येणारे पातळ लोकरी मोजे आणि थर्मल. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. सुती कापड घाम पितं आणि थंडीत अंगाला गारठवतं. बुटाच्या दुकानात अर्धा तास द्या, कुणी घाई केली तरी. एकच मोजा घाला, दोन घातले की रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. बूट घालून सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढच्या बाजूला जेमतेम टेकायला हवा, आणि गुडघे वाकवून पुढे झुकल्यावर तो थोडा मागे सरकायला हवा. टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, बदलून मागा. नवख्या माणसाची स्की हनुवटीपर्यंत उंचीची असली की वळवायला सोपी जाते.

आणि बाइंडिंग. त्याचं काम दुहेरी आहे: स्कीला बूट धरून ठेवणं आणि धोक्याच्या क्षणी सोडून देणं. पुढचा भाग बाजूला सुटतो, टाचेचा भाग वर सुटतो. किती जोर आल्यावर सुटायचं, हे वजन, उंची, वय, अनुभव आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून एका छोट्या आकड्यावर बसवलेलं असतं. दुकानदाराला आपलं वजन खरं सांगा आणि आकडा आपल्यासमोर बसवून घ्या. आधीच्या गिऱ्हाइकाचा, नव्वद किलोच्या तरबेज माणसाचा आकडा तसाच राहिला, तर पंचावन्न किलोची मुलगी पडली तरी स्की सुटणार नाही आणि पीळ गुडघ्याला बसेल. माझ्याकडे आलेल्या त्या तरुणाचं नेमकं हेच झालं असावं असं मला वाटतं.

प्रशिक्षक निवडताना पर्यटन खात्याचा परवाना विचारा. दिवसभरासाठी ठरवा, आणि सगळे दिवस एकच माणूस असू द्या, कारण तुमचं शरीर कुठे घाबरतं हे त्याला दुसऱ्या दिवशी कळतं. ज्यांच्याकडे दोन आठवडे आहेत त्यांनी सरकारी संस्थेच्या अभ्यासक्रमाची चौकशी करावी. राहणं, शिकणं, शिस्त सगळं एकत्र मिळतं.

उतारावर पहिले काही तास काय घडतं ते सांगते. आधी सपाटीवर एका स्कीवर चालायचं, मग दोन्ही घालून आडव्या पावलांनी उतार चढायचा. मग थांबायला शिकायचं: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची टोकं लांब, आतल्या कडा बर्फात रुतवायच्या. याला सगळे स्नो प्लाऊ म्हणतात. थांबता येऊ लागलं की भीती अर्धी होते. खरी परीक्षा वळण्याची. उतारावर उभं राहिलं की शरीर आपसूक डोंगराच्या बाजूला, मागे झुकतं. जमिनीवर शिकलेली ही शहाणी सवय इथे उलटी पडते. मागे झुकलं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, आणि हलक्या टोकांनी स्की वळत नाही, ती नुसती वेग घेते. वळायचं तर वजन पुढे आणि खालच्या बाजूच्या स्कीवर द्यावं लागतं, म्हणजे जिथे पडण्याची भीती वाटते त्याच दिशेला झुकावं लागतं.

“घुटना आगे, मैडम. पहाड़ को मत देखो, वादी को देखो,” आमचे टंगमर्गचे प्रशिक्षक पुन्हा पुन्हा सांगत होते. भाचीला ते दुपारपर्यंत साधलं. “मावशी, नडगी बुटाच्या जिभेवर दाबून धर, मग बघ,” ती मला ओरडून सांगत होती, आणि मला ते जमलं तिच्या या वाक्यानंतर. नडगी पुढे दाबली की वजन आपोआप पुढे येतं. उजव्या पायावर भार दिला आणि स्की डावीकडे वळली, कसलाही झटका न देता. इतकी वर्षं लोकांना तोल आणि भार शिकवत आलेल्या मला माझ्याच शरीरातून ते पुन्हा उमगलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. एका दिवसाच्या सहलीत हे मिळत नाही. पहिला दिवस थांबायला, दुसरा वळायला, तिसऱ्या दिवशी दुपारी मांड्या संपतात म्हणून अर्धा दिवस विश्रांती, चौथ्या दिवशी सगळं एकदम जुळून येतं आणि पाचव्या दिवशी ते अंगात मुरतं. पाच रात्रींचा माझा आग्रह यासाठी आहे. आणि “आता शेवटची एक फेरी” म्हणून दमलेल्या पायांनी वर जाऊ नका. दमलेले स्नायू लिगामेंटला सावरत नाहीत.

पडायचंही शिकावं लागतं. तोल जातोय असं कळलं की कुशीवर, डोंगराच्या बाजूला पडा. मागे बसू नका, घसरत असताना उठायचा प्रयत्न करू नका, गुडघे ताठ करू नका.

हिमस्खलनाची भीती पुष्कळांना असते. ते मोठं संकट आहे, पण ते कुठे असतं हे समजून घ्या. बर्फाचे थर बहुधा ३० ते ४५ अंशांच्या तीव्र उतारांवरून सुटतात, विशेषतः मोठ्या हिमवृष्टीनंतरच्या एक-दोन दिवसांत किंवा वाऱ्याने एका बाजूला बर्फ लोटल्यावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर गेले, पुढच्या फेब्रुवारीत एक रशियन. हे सगळे मोकळ्या, अनियंत्रित उतारांवर होते. गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने घटते. म्हणून वरच्या उतारांवर जाणारे लोक सिग्नल देणारं यंत्र, फावडं आणि शोधकाठी घेऊन, जाणकार वाटाड्यासह जातात. नवशिक्याचा उतार सौम्य असतो, तिथे हा धोका नाही. दोरी लावून बंद केलेल्या हद्दीपलीकडे मात्र कुणाच्याही आग्रहाने जाऊ नका.

रोजच्या छोट्या धोक्यांकडे आपण कमी लक्ष देतो. बर्फावरून अतिनील किरण परत फिरतात, त्यामुळे ढगाळ दिवशीही हनुवटीखाली आणि नाकपुड्यांपाशी सनस्क्रीन लावा, गॉगल काढू नका. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी प्या. कहवा आणि नून चाय, म्हणजे मिठाचा चहा, ही त्यावर भर आहे, पाण्याची जागा त्यांनी भरत नाही. रात्री खोलीत बुखारी, म्हणजे लाकडाची किंवा कोळशाची शेगडी, पेटवलेली असेल तर खिडकीची फट उघडी ठेवा आणि झोपण्याआधी ती विझवून घ्या. बंद खोलीतल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. प्रवासविम्याची कागदपत्रं नीट वाचा. पुष्कळ विमे साहसी खेळ वगळतात, स्कीइंगचा वेगळा उल्लेख असलेला विमाच घ्या.

खर्च कमी नाही, हे मान्य. प्रवास, गुलमर्गची महागडी खोली, प्रशिक्षक, भाड्याचं सामान, गोंडोलाची तिकिटं, सगळं मिळून साध्या काश्मीर सहलीपेक्षा जास्त होतं. पण पहलगाम, सोनमर्ग, दूधपथरी अशी यादी बाजूला ठेवली की गाडीचा मोठा खर्च वाचतो. गोंडोलाचा दुसरा टप्पा गाळला की आणखी वाचतो. आणि स्वित्झर्लंडला जाऊन बर्फाच्या डोंगरावर एक दुपार घालवण्याच्या खर्चात इथे अख्खं कुटुंब शिकून येतं.

पुण्या-मुंबईच्या सहल कंपन्यांना माझी विनंती आहे: काश्मीरच्या तुमच्या बेतांत, जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत, गुलमर्गला पाच रात्रींचा निदान एक बेत ठेवा, परवानाधारक प्रशिक्षक आणि नीट बसवलेली बाइंडिंग यांची जबाबदारी घेऊन. आणि वाचकांनो, तुम्ही तो मागा. मागणी आली की ते करतील. तोवर स्वतः ठरवून जाणाऱ्यांनी हिवाळ्याची तिकिटं काढण्याआधी जवळचा एखादा गड शोधावा आणि दर आठवड्याला तो पायी उतरायला सुरुवात करावी.